तीन महिन्यांची सुई आणि लेकीची हाडं



बचत गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, वहीवर सह्या झाल्या, की मग खऱ्या गप्पा सुरू होतात. त्यात एक प्रश्न हमखास येतो, तोही आवाज खाली करून विचारलेला. ‘सूनबाई लहान आहे, एवढ्यात मूल नको. आशाताई सुईचं सांगते. पण कुणी म्हणतं, त्या सुईनं हाडं झिजतात. खरं का हो ताई?’

याचं उत्तर दोन-तीन वाक्यांचं आहे. सुई चालू असेपर्यंत हाडं थोडी विरळ होतात. सुई बंद केली की बहुतेक बायकांची पुन्हा भरून येतात. आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत जास्त विचार करावा लागतो, कारण तिची हाडं अजून तयारच होत असतात. ही वाक्यं ऐकायला साधी वाटतात, पण ती बाईला सांगितली गेली पाहिजेत यासाठी पुष्कळ भांडावं लागलं. आपल्या देशातल्या बायका त्यासाठी थेट सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या. आज ती गोष्ट सांगते.

आधी आपल्या खान्देशाचं बोलू. आपल्या बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्याला जन्मल्या आणि तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावात आल्या. त्या काळी त्यात कुणाला काही वावगं वाटलं नसेल. १८९१ साली इंग्रज सरकारनं संमतीवयाचा कायदा केला, त्यात मुलीचं वय ठरवलं होतं फक्त १२. तेवढ्यावरूनही पुण्या-मुंबईत केवढा गदारोळ झाला! १९२९ साली शारदा कायदा आला आणि मुलीच्या लग्नाचं वय १४ झालं. १९४९ साली ते १५ झालं आणि १९७८ साली १८. म्हणजे कायद्याला बारापासून अठरापर्यंत यायला सत्त्याऐंशी वर्षं लागली. गावाला अजून वेळ लागतो आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांना त्यांच्या लग्नाचं वय विचारलं होतं. धुळे जिल्ह्यात शंभरातल्या चाळीसेक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. जळगावात हा आकडा अठ्ठावीसच्या आसपास होता. अख्ख्या महाराष्ट्राचा होता बावीस. म्हणजे आपण राज्याच्या पुढे आहोत, आणि हे पुढे असणं काही मिरवायचं नाही.

म्हणून किशोरवयीन मुलगी आणि पाळणा लांबवणं हा विषय शहरातल्या मासिकात वेगळा दिसतो आणि आपल्याकडे वेगळा. आपल्याकडे ती मुलगी कुणाची तरी सून असते.

आता हाडांचं. हाड म्हणजे काही दगड नाही, ते जिवंत असतं. रोज थोडं मोडतं, रोज थोडं बांधलं जातं. लहानपणी आणि वयात येताना बांधकाम जोरात असतं. पाळी सुरू होण्याच्या आगेमागे दोनेक वर्षांत मुलीच्या शरीरात जेवढं हाड भरतं, ते तिच्या जन्मभराच्या साठ्याच्या चौथा हिस्सा तरी असतं. अठरा वर्षांपर्यंत साठा नव्वद टक्क्यांच्या आसपास भरतो. पुढे विशीत थोडी भर पडते. त्यानंतर आयुष्यभर आपण त्या साठ्यातूनच काढत राहतो. पाळी गेल्यावर काढणं वाढतं. गटाच्या भाषेत सांगायचं तर बचत करायची वर्षं थोडी आणि कर्ज फेडायची वर्षं जास्त.

या बांधकामाचा मुकादम म्हणजे इस्ट्रोजन नावाचं संप्रेरक, हार्मोन. ते बाईच्या बीजकोशात तयार होतं. बीजकोश शांत बसवले तर मूल राहत नाही, पण मुकादमही कामावर येत नाही. तीन महिन्यांच्या सुईचा आणि हाडांचा संबंध एवढाच आहे.

पाळणा लांबवावा हे आपल्याकडे मराठीत उघडपणे सांगणारे पहिले म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, आणि या कामापायी कॉलेजातली नोकरी गमावली. त्यांच्या काळात हार्मोनची गोळी नव्हती. ती अमेरिकेत १९६० साली आली. मागोमाग सुई आली. डेपो-प्रोव्हेरा तिचं नाव, दीडशे मिलिग्रॅम औषध, तीन महिन्यांतून एकदा. साठच्या दशकाच्या शेवटापासून ती अनेक देशांत वापरली जाऊ लागली. खुद्द अमेरिकेनं मात्र १९७८ साली तिला परवानगी नाकारली आणि पुढे १९९२ साली दिली.

आपल्याकडे वाद पेटला तो दुसऱ्या एका सुईवरून. तिचं नाव नेट-एन, दोन महिन्यांतून एकदा घ्यायची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत तिची चाचणी चालू होती. १९८५ साली हैदराबादजवळ पाटणचेरू इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात खेड्यातल्या बायका जमवल्या होत्या. नवी सुई आहे, मूल राहत नाही, एवढं त्यांना माहीत होतं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या बायकांना हे कळलं, तशा त्या तिथे पोचल्या आणि जमलेल्या बायकांना विचारलं, की ही सुई अजून तपासून पाहताहेत, हे तुम्हाला सांगितलंय का? नव्हतं सांगितलं. आपल्यावर प्रयोग होतो आहे हे कळल्यावर त्यातल्या बऱ्याच जणी सुई न घेता उठून घरी गेल्या.

मला या प्रसंगातलं ते उठून जाणं फार मोठं वाटतं. त्या बायकांना मूल नको होतं, म्हणून तर आल्या होत्या. विज्ञानाला त्यांचा विरोध नव्हता. माहिती मिळाली आणि त्यांनी तिथल्या तिथे आपला निर्णय केला. खेड्यातल्या बायकांना समजावून काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांना त्या दिवशी उत्तर मिळालं.

१९८६ साली स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली, चिंगारी आणि इतर काही जणांनी मिळून सुप्रीम कोर्टात अर्ज केला. मुद्दे असे: बाईची माहिती देऊन संमती घेतली का? सुई दिल्यावर तिची पुढे तपासणी कोण करणार? आरोग्य केंद्रात रक्तदाब बघायची सोय नसेल, तर अंगावर जास्त जाऊ लागल्यावर ती कुठे जाईल? गोळी नाही सोसली तर उद्यापासून बंद करता येते, पण एकदा टोचलेली सुई काढून घेता येत नाही, मग चूक झाली तर काय? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

खटला चौदा वर्षं चालला. २००० साली तो निकाली निघाला, तेव्हा सरकारनं कोर्टाला सांगितलं, की नेट-एन सरसकट कार्यक्रमात आणणार नाही. जिथे समजावून सांगण्याची आणि पुढच्या तपासणीची सोय आहे, तिथेच ती दिली जाईल. दरम्यान डेपोला १९९३ साली भारतात परवानगी मिळाली आणि ती खाजगी दवाखान्यांत विकली जाऊ लागली. मुंबई-दिल्लीच्या महिला गटांनी पुन्हा आवाज उठवला. १९९५ साली सरकारच्याच औषध सल्लागार मंडळानं मत दिलं, की ही सुई सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात घेऊ नये. म्हणून पुढे वीस-बावीस वर्षं ती शहरात पैसे मोजून मिळत होती आणि गावच्या उपकेंद्रात नव्हती. या बंदीमुळे पाळणा लांबवू पाहणाऱ्या गरीब बाईचा एक मार्गही बंद राहिला, असं म्हणणारे डॉक्टर तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

आता गंमत बघा. १९८६ च्या त्या वादात भर होता कॅन्सरची भीती, बिघडणारी पाळी, अंगावर पिणारं बाळ आणि बायकांवर होणारी सक्ती यांवर. हाडं मागे होती. कारण हाडांचं कुणी नीट मोजलंच नव्हतं. इतकी वर्षं औषध जगात वापरात होतं, तरी!

ते मोजमाप आलं न्यूझीलंडमधून. तिथे डेपो बऱ्याच वर्षांपासून चालू होती. ऑकलंडच्या डॉक्टरांनी पाच-पाच वर्षं सुई घेतलेल्या काही बायकांची हाडं तपासली आणि १९९१ साली छापलं, की पाठीच्या मणक्यात त्यांचं हाड इतर बायकांपेक्षा सुमारे साडेसात टक्के विरळ आहे. मग प्रश्न आला तरण्या पोरींचा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात काही किशोरवयीन मुलींची तुलना केली गेली, ती १९९६ साली छापून आली. मुली पन्नासच्या आत होत्या, म्हणजे अभ्यास लहान, पण आकडे बोलके. काहीही न घेणाऱ्या मुलींचं हाड एका वर्षात २.९ टक्के वाढलं. गोळी घेणाऱ्यांचं दीड टक्का वाढलं. आणि सुई घेणाऱ्यांचं वाढायच्या ऐवजी दीड टक्का घटलं. दोन वर्षांनी पाहिलं तर सुईवाल्या मुली तीन टक्क्यांनी खाली आणि काही न घेणाऱ्या साडेनऊ टक्क्यांनी वर.

मोठ्या बाईत आणि मुलीत फरक आहे तो इथे. तीस वर्षांच्या बाईच्या भरलेल्या कणगीतून दोन पायल्या गेल्या, तर त्या दिसतात आणि पुढे भरताही येतात. मुलीची कणगी अजून भरायची असते. तिचं जे आहे ते जातंच, वर जे यायचं ते येत नाही.

२००४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध खात्यानं डेपोच्या खोक्यावर काळ्या चौकटीतली सूचना छापायला लावली. तिथे औषधाला देतात ती सगळ्यात कडक सूचना हीच. तीत हाडं विरळ होतात, जितकी वर्षं घ्याल तितकी जास्त, आणि दुसरा उपाय चालत असेल तर दोन वर्षांच्या वर घेऊ नका, असं सांगितलं आहे. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं सगळं तपासून वेगळा कल दिला. अठरा ते पंचेचाळीस वर्षांच्या बाईला सुईवर बंधन नको. अठराच्या आतल्या मुलीला हाडांचा धोका आहे, पण नको असलेल्या बाळंतपणाचा धोका सहसा त्याहून मोठा असतो. तेव्हा तिला सुई देता येते, पण विचार करून, आणि अधूनमधून पुन्हा विचार करून. दोन्ही ठिकाणचे लोक जाणते, पुरावा तोच, आणि सल्ल्यात एवढा फरक. औषधाच्या बाबतीत असं होतं. म्हणूनच ज्याच्या अंगात सुई जायची, त्यालाही सगळं कळायला हवं.

थोडा दिलासाही देते. सुई बंद केल्यावर मुलींची हाडं भरून येतात, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. मणक्याचं हाड साधारण वर्ष-सव्वा वर्षात, खुब्याचं मात्र सावकाश, चार-साडेचार वर्षं लागू शकतात. शिवाय हाड विरळ होणं वेगळं आणि हाड मोडणं वेगळं. तरुणपणी सुई घेतलेल्या बाईचा म्हातारपणी खुबा मोडेलच, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि बाळ अंगावर पितं तेव्हाही आईच्या हाडांतून कॅल्शियम जातंच की. तेही दूध तुटल्यावर परत भरतं. शरीर हिशेबाला पक्कं असतं, फक्त भरायला सामान मिळालं पाहिजे.

पण खरी अडचण या सामानाचीच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस ते साठ वर्षांच्या गरीब घरातल्या बायकांची हाडं मोजली. २००५ साली ते छापून आलं. श्रीमंत देशांतल्या बायकांच्या मानानं या बायकांची हाडं सगळ्याच ठिकाणी बरीच विरळ निघाली. यांना कुणी डेपो दिली नव्हती. कमी खाणं, लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणं, एवढंही पुरतं. पुण्यातही डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या किशोरवयीन मुलींचं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडं यांवर बरीच वर्षं काम केलं आहे. या वयाच्या मुलीला रोज हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. आपल्या घरात काय असतं? कळण्याची भाकर, ठेचा, भाजी. चांगलं अन्न आहे, पण कॅल्शियमला अपुरं. दूध असतं, ते डेअरीवर जातं. उरलं तर चहात. परकराच्या पट्टीला पैसे बांधून ठेवणारी आपली माय दुधाचा पेला मात्र लेकीच्या आधी लेकाला द्यायची, हे तुम्ही पाहिलं असेल. साक्री-शिरपूरकडच्या डोंगरी गावांत नागली होते, तिच्या शंभर ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. आता तिथलेही लोक रेशनचा गहू-तांदूळ खातात आणि नागली ‘गरिबाचं खाणं’ म्हणून मागे पडली. शेवग्याचा पाला, तीळ, लहान मासे काट्यासकट, हेही आपल्या ओळखीचंच. आणि ऊन! ते आपल्याकडे वैशाखात नको तेवढं असतं, पण लग्न झालेली पोर उंबऱ्याच्या आत आणि डोक्यावर पदर, म्हणून तेही तिच्या वाट्याला कमी येतं.

२०१५ साली औषध सल्लागार मंडळानं आपलं जुनं मत बदललं. हाडांच्या प्रश्नावर स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, हा मुद्दा तेव्हाही चर्चेत होता. २०१७ साली हीच सुई ‘अंतरा’ या नावानं सरकारी दवाखान्यात फुकट आली. पहिल्या दहा राज्यांत आपला महाराष्ट्र होता. सोबत ‘छाया’ नावाची गोळी आली. ती लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत शोधलेली. हार्मोनची नाही, बीजकोश बंद पाडत नाही, त्यामुळे मुकादम कामावर राहतो. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. तांबी म्हणजे कॉपर टीमध्ये हार्मोन नसतं, तिचाही हाडांशी संबंध नाही. निरोधही तसाच. माला-एन गोळीनं कोवळ्या वयात हाड भरण्याचा वेग थोडा कमी होतो, असं काही अभ्यास सांगतात, पण सुईसारखी घट त्यांत दिसत नाही.

सुईबद्दल गावात अजूनही एक समज आहे, पाळी येत नाही म्हणजे घाण अंगात साचते. तसं होत नाही. अस्तर तयारच होत नाही, मग साचणार काय? पण हे आधी न सांगितल्यामुळे कितीतरी बायका एका सुईनंतर घाबरून सोडतात. सुई सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने लागू शकतात, हेही आधी सांगायला हवं. नाहीतर नव्या सुनेवर वांझपणाचा शिक्का मारायला आपल्याकडे लोक टपलेलेच असतात.

अंतरा घेणाऱ्या बाईला एक कार्ड मिळतं, त्यावर पुढच्या सुईची तारीख असते. पहिल्या सुईच्या आधी डॉक्टर तपासतात आणि वय विचारतात. आता सगळं अडतं ते या वयापाशी. अठराच्या आतली मुलगी लग्नाची असली, तरी कायद्यानं ते बालकावरचं अत्याचाराचं प्रकरण ठरतं. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं दवाखान्याला ते पोलिसांना कळवावं लागतं. २०१७ साली सुप्रीम कोर्टानंही स्पष्ट केलं, की अठराच्या आतल्या बायकोच्या बाबतीत नवऱ्याला सूट नाही. कायदा मुलीसाठीच आहे. पण घरचे घाबरतात आणि सोळाची पोर दवाखान्यात ‘एकोणीस’ सांगतात. सिस्टर कार्डावर एकोणीस लिहिते. मग हाडांचा प्रश्न कुणी विचारतच नाही, कारण एकोणीसच्या बाईला तो तितका लागू नसतो. काही घरं तर सरकारी दवाखान्याची पायरीच चढत नाहीत, आणि सतराव्या वर्षी बाळंतपण होतं. त्यात हाडांचं काय होतं, रक्ताचं काय होतं, ते कुठल्याच कार्डावर येत नाही.

गावात असं लग्न ठरत असेल, तर ते होण्याआधी १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करता येतो. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो. लग्न होऊन गेलं असेल, तर दवाखान्यात जाताना वय खरं सांगा आणि तीन गोष्टी विचारा: ही सुई किती दिवस घ्यायची, त्याऐवजी छाया किंवा तांबी चालेल का, आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतील का. अंतराच्या कार्डावर सुईच्या तारखा ओळीनं असतात. आठ सुया झाल्या म्हणजे दोन वर्षं भरली, तेव्हा पुन्हा डॉक्टरांशी बसून ठरवायचं.